आभारांचा परिच्छेद

शिपाई गायकवाडमामांनी टेबलावर लिफाफा ठेवला आणि सहीसाठी वही पुढे केली. पत्र विभागप्रमुखांचं होतं. एकेकाळी त्या माझ्याच विद्यार्थिनी म्हणून पहिल्या बाकावर बसायच्या. मी पहिलं वाक्य वाचलं, "आपण इतकी वर्षे निष्ठेने अध्यापन केलेत, त्याबद्दल विभाग आपला ऋणी आहे," आणि तिथेच थांबले. पुढे वाचायचा धीर होईना.

विद्यापीठात व्यावसायिक पत्रलेखन शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. नकाराचं किंवा नोकरीवरून कमी करण्याचं पत्र कसं लिहावं, हे मी दरवर्षी सांगत आले. आधी आभार माना, वाईट बातमी मधल्या परिच्छेदात घाला, शेवटी शुभेच्छा द्या. म्हणजे वाचणाऱ्याला फारसं लागत नाही, असं मी छातीठोकपणे म्हणायचे. माझ्या विद्यार्थ्यांनी नोकरीला लागल्यावर अशी किती पत्रं धाडली असतील, आणि किती घरांत कुणी ती अशीच हातात धरून बसलं असेल! मला स्वतःला असं पत्र कधी आलंच नव्हतं.

"मॅडम, चांगली बातमी ना?" मामांनी विचारलं.

"आभार मानलेत," मी म्हणाले, आणि डावा तळहात दुसऱ्या परिच्छेदावर दाबून धरत वहीत सही केली.