पिठाच्या गिरणीवरही चालणारा प्रोग्रॅम

"अवो सायेब, माजी यस्टी निघाली! पत्रकं कुठायत?" आंबवड्याच्या भजनी मंडळाचे बुवा छपाईच्या दुकानात उभे राहून ओरडत होते. कोजागिरीच्या भजनस्पर्धेची पत्रकं त्यांना आजच गावोगाव वाटायची होती. मी दुकानासाठी लिहिलेला छपाईचा प्रोग्रॅम मात्र एकच पालुपद आळवत होता: नेटवर्कवर प्रिंटर सापडला नाही.

हा प्रोग्रॅम विंडोजवर चालतो, लिनक्सवर चालतो, वेळ पडल्यास पिठाच्या गिरणीवरही चालेल, अशी दवंडी मी अख्ख्या भोरात पिटली होती. आता दुकानातल्या दोन्ही कॉम्प्युटरांवर तो सारखाच आंधळा झाला होता. मी ड्रायव्हर बदलले, लिनक्स पुसून पुन्हा टाकलं, परदेशातल्या प्रोग्रॅमरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बाहेरच्या खोलीत प्रिंटर परवाच्या पूजेचा झेंडूचा हार घालून नवरदेवासारखा बसला होता.

शेवटी दुकानाचे मालक चाचा उठले. त्यांनी हाराखालून नेटवर्कची वायर ओढली आणि प्रिंटरच्या पाठीत खुपसली. दोन्ही पडद्यांवर प्रिंटर उगवला. बुवा गरमागरम पत्रकं काखेत मारून स्टँडकडे पळाले.

"चाचा, ही वायर काढली कुणी?" मी गरजलो.

"तुमीच. खंडेनवमीला, पाटावर बसवताना."