घरचीला आणायला गेलो तेलाच्या घरी

उरणच्या स्टँडवर सकाळी बसमध्ये बसलो तेव्हा मांडीवर सोड्यांची पिशवी होती आणि डोक्यात राग होता. सोडे (सोललेली सुकी कोलंबी) लेकीसाठी. राग बायकोवर. घरची पंधरा दिवस म्हणून कोपरखैरण्याला वनिताकडे गेली, त्याला तीन महिने होत आले. फोन केला की "येते" म्हणायची. कधी, ते नाही. गावात लोक विचारायला लागले. मी म्हणायचो, लेकीला बरं नाही. मग एक दिवस ती लेकच गावातल्या हळदीला आली आणि दोन तास नाचून गेली. त्यानंतर मला काही सांगता येईना.

मी चौथीपर्यंत शिकलो, पण मिठागरात मुकादम होतो. मी हाक मारायची आणि माणसांनी यायचं, अशी सवय. कुणाला "चल" म्हणायला दारात जाणं आपल्याला जमत नाही. म्हणून निघताना मनाशी ठरवलं की आपण नवी मुंबई बघायला चाललोय. येताना ती बरोबर आली तर आली.

जासईपर्यंत बस कंटेनरच्या गाड्यांमागे गोगलगायीसारखी चालली. शेजारी तुर्भ्याला कामाला जाणारे एक गृहस्थ होते. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि पिशवी जरा घट्ट बांधा म्हणाले. मी सांगितलं, तीन पिशव्यांत बांधलेत, हा बांधून उरलेला वास आहे. पुढच्या थांब्याला ते उभे राहिले, आणि जागा असून पार तुर्भ्यापर्यंत उभेच होते. मी ऐसपैस बसून गेलो.

उलव्याकडे एक डोंगर होता, तो आता नाही. पुढे जिथे आम्ही गुडघाभर चिखलात निवट्या (खाडीच्या चिखलातले मासे) पकडल्या, तिथे इमारती उभ्या. कोपरखैरण्याला उतरलो तर रिक्षावाला विचारतो, सेक्टर कुठला? म्हटलं, मला नंबर माहीत नाही, लेकीचं नाव माहीत आहे. तो म्हणाला, नावावर रिक्षा जात नाही. शेवटी वनिताला फोन लावून त्याच्याच हातात दिला. इमारतीच्या दारात वहीत नाव लिहायला लावलं. मी एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं की खालच्या माणसाला जागा उरली नाही.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं आणि नाक बावचळलं. कुठली फुलं, कुठला कापूर, काही कळेना. कोपऱ्यात तांब्याएवढं यंत्र वाफ सोडत होतं. मला वाटलं भात लागतोय, म्हणून मी ते बंद केलं. वनिता म्हणाली, "बाबा, ते लॅव्हेंडरचं तेल आहे, त्याने आईला झोप लागते." मी विचारलं, तुझ्या आईला झोपायला यंत्र कधीपासून लागतं? तेवढ्यात घरची आतून आली. डोक्यावर पदर तसाच घट्ट.

"आलाव? पानी देऊ?"

जसा काही मी कोपऱ्यावरून तंबाखू घेऊन आलोय. मी म्हटलं, नवी मुंबई बघायला आलोय.

"बगा," म्हणाली आणि परत आत गेली.

दुपारी तिने सोडे-वांगं केलं. पहिल्या फोडणीतच ते लॅव्हेंडर घर सोडून पळालं. तीन महिन्यांनी पोटभर जेवलो, पण तसं बोललो नाही.

वनिताचा उद्योग असा: अंगठ्याएवढ्या बाटल्यांत झाडपाल्याची, फुलांची तेलं असतात. ती खोबरेलात नाहीतर तिळेलात थेंबाथेंबाने मिसळायची. कुठलं केसांना, कुठलं चेहऱ्याला, कुठलं पाठीला. नुसतं कधी अंगाला लावायचं नाही, हे तिने मला दोनदा सांगितलं. मी एकदा ऐकलं. तेलाचं काय ते मला शिकवणार?

मिठागरात उतरण्याआधी तळव्यांना तेल चोपडायची आमची रीत आहे. खारं पाणी भेगांत जाऊ नये म्हणून. आणि तेही ओंजळभर, कंजूषपणा नाही. जेवण झाल्यावर सगळे आडवे झाले, माझ्या भेगा ठणकत होत्या, फळीवर एक बाटली दिसली. त्यातून एकेक थेंबच पडे. मग मी वरची टोपी दातांनी उपटली आणि सगळी बाटली दोन्ही तळव्यांना चोळून जिरवली.

पुदिना होता तो. आधी गार वाटलं. मग फार गार. मग पाय बर्फात पुरल्यासारखे झाले आणि वरून निखारे टाकल्यासारखे. मे महिना, पंखा फिरतोय, आणि मी पायांवर चादर घेऊन बसलेला. वनिता उठली, म्हणाली, थंडी वाजते? म्हटलं, हो.

घरचीने दारातूनच वास घेतला. मी धुवायला उठत होतो तर खांद्याला धरून बसवलं.

"पान्याने नाय जात. बसा गप."

वाटीत खोबरेल आणलं, माझ्या तळव्यांना चोळलं, फडक्याने पुसलं, परत चोळलं. हळूहळू पाय माझे मला परत मिळाले. तेलाला तेलानेच काढायचं, हे तिला माहीत आणि मला नाही. हे मला आवडलं नाही. त्यात ती पदरात तोंड घालून हसली, तेही दिसलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. वनिताकडे सोसायटीतल्या चार बायका शिकायला आल्या. तेलं वनिता मिसळायची आणि डोकं कसं चोळायचं ते घरची दाखवायची. बायका तिला हिराकाकू म्हणत होत्या. मी तिचं नाव कधी घेतलेलं नाही, आमच्यात घेत नाहीत. ते नाव ऐकून कुणी पाहुणी आली की काय म्हणून मी दाराकडे बघितलं.

त्या बायकांत साताऱ्याकडच्या एक कदमबाई होत्या, बोलायला फटकळ. मी खुर्चीत बसून बघत होतो. राहवेना, म्हणून बोललो की अशी बोटं फिरवून काही होत नाही, मी बैल चोळलेत, होडीला तेल पाजलंय, चोळणं मला विचारा.

"मग दाखवा की काका," कदमबाई म्हणाल्या. "काकूंच्याच डोक्यावर दाखवा."

घरची नको नको म्हणाली. तिने नको म्हटल्यावर मी उठलोच. पाचजणींसमोर मागे कोण फिरतो? वनिताने वाटी हातात दिली, खोबरेलात रोझमेरी नावाच्या पाल्याचे चार थेंब. घरचीने पदर मागे घेतला, अंबाडा सोडला आणि मान खाली घातली.

टाळूच्या जरा मागे, वाटीच्या बुडाएवढी जागा. एक केस नाही. गुळगुळीत.

ते काय आहे हे मला कुणी सांगायला नको होतं. तिथे चुंबळ (ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गोल वळी) असायची. वरती मिठाची टोपली. मी मुकादम व्हायच्या आधी आम्ही दोघं एकाच आगरात होतो. मी टोपली भरायचो आणि उचलून तिच्या डोक्यावर ठेवायचो. ठेवताना दर वेळी डोकं समोर असायचं. बघितलं मात्र नाही कधी, आणि नंतर पदर होताच.

वाकून बघितलं तर त्या जागेच्या कडेने बारीक पांढरी लव उगवली होती. वनिता हळूच म्हणाली, तेलाने आली की चोळण्याने, ठाऊक नाही, पण आईला ही लव आरशात दाखवली तेव्हापासून ती जायचं नाव काढत नाही.

माझा हात थांबला होता. घरची मान वर न करता म्हणाली, "दिसला ना?"

"यासाठी राहिलीस?"

"तिकडं कोन लावनार? माजा हात पोचतो तिथं, डोला नाय पोचत."

"मला सांगायचं."

"तुमाला सांगायचं, नि तुमी पारावर जाऊन हसायचं."

कदमबाईंसारखी बाई, पण तीही आपल्या वाटीत बघत बसली. मी परत तेलात बोटं बुडवली. ती जागा बैलासारखी चोळता येईना. लहान बाळाची टाळू भरतात तशी भरली.

"मी लावीन. चल घरी," म्हटलं.

"पडवीत बसून लावाल?"

पडवीसमोरून रस्ता जातो. ज्यांना मी उभं आयुष्य हुकूम सोडले ती सगळी माणसं तिथूनच येतात-जातात. मी विचारलं, आत काय वाईट आहे?

"टोपल्या काय मी आत लपून उचलल्या?"

म्हटलं, पडवीत तर पडवीत. तरी अगदीच हार नको म्हणून म्हणालो, रोज नाही, एक दिवस आड. कदमबाईंना वाचा फुटली, "रोज म्हणा की वो काका." पण घरची म्हणाली, आड चालेल.

सोमवारी दोघं निघालो. खिडकीची जागा तिला दिली. ती फडक्यात गुंडाळलेली बाटली मांडीवर धरून बसली आणि उरण येईपर्यंत एकेक नवी इमारत मला दाखवत होती. तीन महिन्यांत तिने माझ्याहून जास्त नवी मुंबई बघितली होती. प्रवासाचं लिहिणारे लोक लांब जातात, बर्फ बघतात, किल्ले बघतात. माझा प्रवास दोन तासांचा, आणि त्यात जे बघितलं ते इतकी वर्षं माझ्याच घरात पदराखाली होतं. यात मिरवण्यासारखं काही नाही, पण खोटं लिहिणार नाही.

त्याच संध्याकाळी पडवीत पाट टाकला. मी मागे पायरीवर बसलो, वनिताने सांगितल्याप्रमाणे बशीभर खोबरेल आणि चार थेंब. माझ्या हाताखाली काम केलेला एक जण सायकल थांबवून म्हणाला, "आमचा नंबर कदी?" मी म्हटलं, आधी डोकं धुऊन ये. तो गेला आणि पाच मिनिटांत अख्ख्या आळीला काम निघालं, सगळे आमच्यासमोरूनच चालायला लागले.

घरचीला मात्र पत्ता नव्हता. चोळता चोळता तिचं डोकं जड झालं आणि माझ्या डाव्या हातावर कलंडलं. बसल्या बसल्या झोपली होती. हात काढावा तर ती पडणार. समोर माणसं थांबलेली, कुणीतरी तोंड उघडणार एवढ्यात मी उजव्या हाताचं तेलाने माखलेलं बोट ओठांवर ठेवलं. सगळे गप झाले, चपला हातात घेऊन गेल्यासारखे पुढे गेले. मग दुसरे आले, परत बोट ओठांवर. दिवे लागेपर्यंत असंच चाललं. ते तेल फार कडू लागतं.