नाट्यपद घेऊन पेठच्या आश्रमशाळेत

खरं सांगते, जायला माझं मन तयार नव्हतं. हट्ट नानांचा. नाना म्हणजे माझे गाण्याचे गुरू, पंचाहत्तरीला टेकलेले. आमची नाटक कंपनी अवघी तिघांची. नाना गातात, मी पायपेटी वाजवते, सागर तबलाही सांभाळतो आणि गाडीही. संगीत नाटक शाळकरी मुलांपर्यंत जावं म्हणून तीन अंकांची गोष्ट आम्ही तासाभरात बसवली आहे.

पण मागच्या महिन्यात नाशिकमधल्या एका शाळेत नानांनी तान घेतली आणि अख्खा हॉल फिदीफिदी हसला.  घरी पोचल्यावर नाना म्हणाले, "पेठचा प्रयोग कबूल केलाय, तेवढा करू. तिथंही पोरं हसली तर मी थांबलो." गाण्याशिवाय हा माणूस जगणार कसा, या विचाराने माझी झोपच उडाली हो!

सकाळी नाशिकहून पेठ रोडने निघालो. नाक्यावर मिसळ खाल्ली. तुम्ही गेलात तर इथेच पोटभर खाऊन घ्या, पुढे चहाच्या टपऱ्यांशिवाय फारसं काही मिळत नाही. मी पावाचे नुसते तुकडेच करत बसले. सावळघाटात वळणं भरपूर आहेत, गाडी लागत असेल तर आवळासुपारी जवळ ठेवा. डोंगर हिरवेगार होते म्हणे. मी आरशातून नानांकडेच बघत होते. त्यांचे ओठ हलत होते.

"नाना, ताना जरा कमी करूया का?" मी भीतभीत विचारलं.

"मुलांच्या भाजीत तिखट कमी घालतात गं, मीठ नाही."

करंजाळी सोडून आत वळलो. रस्ता नुसता खड्ड्यांचा, लहान गाडी असेल तर जपून. आश्रमशाळेचा व्हरांडा हाच आमचा रंगमंच, पोरं समोर पटांगणात ओळीने बसलेली. गोष्ट वेश पालटून प्रजेत फिरणाऱ्या राजाची. नानांनी फेटा बांधला, मी सूर धरला आणि राजा गातच आला.

पहिल्याच ओळीला पोरं उठली. सगळीच्या सगळी!  संपलं, म्हटलं, निघाली पोरं.

"ए, खाली बसा रे!" सर ओरडले. कोण ऐकतंय! पोरं दोन्ही बाजूंना सरकली, मधे मोकळी वाट ठेवली आणि नानांकडे बघत उभी राहिली.

माझ्याजवळच्या एका मुलीला मी वाजवता वाजवताच विचारलं, "काय झालं गं?"

"सोंग आलं ना बाई! त्याला यायला वाट नको का? बसून कसं बघायचं?"

मग सरांच्या लक्षात आलं. "मॅडम, आमच्याकडं बोहाडा असतो. मुखवटे घातलेली सोंगं गावातून नाचत येतात, लोक दुतर्फा उभे राहतात. पोरांना नाटक म्हणजे तेच माहीत."

नाना क्षणभर गोंधळले. रंगमंच सोडून खाली उतरायचं नाही, ही त्यांची जन्माची शिस्त. पण उतरले! पोरांच्या मधून गात चालले. सागरने लय वाढवली. नानांनी तान घेतली आणि मी जीव मुठीत धरला. एक पोरगा खुदकन हसलाच. झालं! पण तो हसत हसत तीच तान मारायला बघत होता. नाना त्याच्यासमोर थांबले.

"पुन्हा घे बघू," म्हणाले.

त्याने घेतली. मग सगळ्यांनीच घेतली, बेसूर आणि जोरात. मला रडू आवरेना.

जेवायला शाळेतच नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि उडदाची आमटी होती. त्या बाजूला गेलात तर भाकरी चुकवू नका. नाना पोटभर जेवले आणि गाडीत गाढ झोपले. मलाही कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

ती सकाळपर्यंतच टिकली. सकाळी नानांचा फोन.

"त्या हसलेल्या शाळेला फोन लाव. परत जायचंय तिथं."

"अहो नाना, कशाला पुन्हा?"

"आपण पोरांना खुर्च्यांत डांबून ठेवलं होतं, मग हसतील नाही तर काय करतील? या वेळी मी त्यांच्यात जाणार."

 नाशिकची पोरं वाट देतील की मोबाईल काढतील, देव जाणे. पण फोनमध्ये नानांच्या मागे तंबोरा वाजत होता. मी शाळेचा नंबर लावला.