निघायची प्रार्थना

आमच्या लोकांत पाहुणा नुसता उठून जात नाही. चहा झाला, गप्पा झाल्या, चपला घालायची वेळ आली की सगळे पुन्हा खाली बसतात, डोळे मिटतात आणि घरची बाई प्रार्थना करते. आमेन झालं की मगच निघायचं. दौंडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत हा रिवाज इतका पक्का होता की प्रार्थनेवाचून कुणाच्या घरातून उठणं म्हणजे भरल्या ताटावरून उठण्यासारखं. पाहुण्यानं शास्त्रातलं वचन वाचायचं आणि घरधनिणीनं निरोप द्यायचा, ही वाटणी कुणी केली, देव जाणे.

माझी आई या कामात भारी तरबेज. नकोसा माणूस आला की दुसऱ्या घोटालाच तिचे डोळे मिटायचे. "हे दयाळू पित्या, या आमच्या भावाला सुखरूप घरी पोचव," म्हणून ती सुरू व्हायची. भाऊ बिचारा अजून बशीत चहाच ओतत असायचा! पाच मिनिटांत तो रस्त्यावर, आणि तेही आशीर्वाद घेऊन.

साठ सालाच्या आसपास बाबांचा पाय गेला. ते रेल्वेत सांधेवाले होते, गाड्यांसाठी रूळ बदलून द्यायचे. इंजिनाच्या पायरीवरून उतरताना घसरले आणि पाय चाकाखाली सापडला. पायरी रोजचीच, उतरणंही रोजचंच, दोष द्यायचा तर कुणाला? पुण्याच्या डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला आणि बाबा कुबड्या घेऊन क्वार्टरवर परत आले. दारातच म्हणाले, "चला, आता एकच बूट घासायचा." मी हसले. आई हसली नाही.

त्या दिवसापासून आईनं प्रार्थना बंद केली. ताटावरची बंद, निजतानाची बंद, रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जायची पण डोळे टक्क उघडे ठेवून बसायची. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, तोंडाची फटकळ. सरळ विचारलं.

"मी त्याच्याशी बोलत न्हाई," ती म्हणाली आणि अंगठा वर कौलांकडं केला. "रोज ह्यांचं नाव घेऊन हात जोडत व्हते, धड घरी आणून सोड म्हणून. ऐकलं का त्यानं? मग कशाला तोंडाची वाफ दवडायची?"

मी घाबरले, अगदी खरं सांगते. देवाला खडसावताना मी तिला कितीदा ऐकलं होतं. पण अबोला? बाबा आज ना उद्या सावरतील असं वाटायचं. आई देवाशी परत बोलेल की नाही, हे मात्र सांगता येईना, आणि आमचं घर तर तिच्या त्या बोलण्यावरच उभं होतं.

आणखी एक पंचाईत झाली. समाचाराला येणारी माणसं घरातून हलेनात!

येणारा प्रत्येक जण देवाचा हेतू बरोबर घेऊन यायचा. शिरूरचे आप्पा, बाबांचे चुलतभाऊ, एसटीतून ज्वारीचं गाठोडं घेऊन आले आणि म्हणाले, "तुला चालायचा लई गर्व व्हता गड्या. देवानं उतरवला." देवळात पेटी वाजवणारे मास्तर म्हणाले, देवाला तुमच्याकडून संगीतसेवा करून घ्यायचीय, म्हणून त्यानं तुम्हांला एका जागी बसवलंय.

"पर मास्तर," बाबा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आपल्या देवळात पायपेटी हाय. दोन्ही पायांनी भाता मारावा लागतोय तिला."

मास्तर ओशाळले, पण उठले नाहीत. उठणार कसे? आई तांदूळ निवडत बसलेली, डोळे सुपात. ते खाकरले, घड्याळ बघितलं, "बरं मग, निघावं म्हणतो," असं म्हणाले. आई म्हणाली, "निघा की." मास्तर तिथंच. मी मुकाट्यानं पुन्हा चहा टाकला. घरातली साखर त्या दिवसांत कशी उडायची, मलाच ठाऊक.

आप्पांनी तर कहर केला. वाट बघता बघता जेवले, मुक्काम केला. सकाळी आई नळावर गेलेली पाहून मीच घाईघाईनं डोळे मिटले आणि म्हटलं, "प्रभू, आप्पांना ने. आमेन." आप्पांनी एक डोळा उघडला. "अगं पोरी, कुठं ने?" बाबा खाटेवर हसून हसून कळवळले. आप्पा मात्र पुन्हा मांडी घालून बसले. असल्या प्रार्थनेवर एसटीत बसायची त्यांची तयारी नव्हती.

मग एके दिवशी दुपारच्या पॅसेंजरनं केडगावच्या बाई आल्या. आई तिथल्या आश्रमात अनाथ म्हणून वाढली, ती याच बाईंच्या हाताखाली. पांढरं लुगडं, काळी छत्री. वय झालेलं, पण पाठ ताठ. त्या आल्या तशा बाबांच्या खाटेवरच टेकल्या.

"बघू पाय."

इतक्या लोकांनी हेतू सांगितले, पाय कुणी बघितला नव्हता. बाईंनी कापलेल्या पायाच्या थोटकावर हात ठेवला. "दुखतं का?"

"दुखत न्हाई, बाई. पर जो अंगठा न्हाई ना, तोच खाजतोय. खाजवू कुठं?"

बाई इतक्या हसल्या की त्यांना पदरानं डोळे पुसावे लागले. आई चुलीपाशी पाठ करून उभी होती. ती एकदम वळली.

"बाई, तुम्ही तरी सांगा. कशासाठी केलं त्यानं असं?"

"मला काय ठाऊक? मला इचारून केलं का त्यानं?"

"मग माझ्या जिवाची आग होतीया, ती कुणाला सांगू?"

"त्यालाच सांग की. मला कशाला सांगतीस? मी काय त्याची कारकून हाय?"

"मी बोलत न्हाई त्याच्याशी."

"बरं," बाई म्हणाल्या. "पन मला निघायचंय. गाडी हाय माझी." आणि त्यांनी हात जोडून डोळे मिटले.

झालं! आता काय करणार? आईनं माझ्याकडं पाहिलं. मी बाबांकडं पाहिलं. बाई ढिम्म. स्टेशनात गाडी लागल्याची शिट्टी झाली, तरी बाईंची पापणी हलेना. आप्पांना रात्रभर ठेवणं वेगळं आणि जिनं न्हाऊमाखू घातलं त्या म्हातारीला ताटकळत ठेवणं वेगळं. आई धप्पकन खाली बसली. डोक्यावर पदर ओढला. 'दयाळू पित्या' वगैरे काही नाही.

"ऐक," ती म्हणाली. "बाई बसल्यात म्हणून बोलतीया, न्हाईतर बोलले नसते. तू लई वाईट केलंस. धडधाकट मानूस व्हता माझा. तुला दयाळू म्हणत आले जन्मभर, आता जीभ रेटत न्हाई. पर तुझ्याबिगर मी दुसऱ्या कुणाशी असं भांडले का कधी? दुसरं कोण हाय मला? तुझ्याच घरात मला वाढवलंस. तवाबी मला आईबाप न्हाई ते कशासाठी, हे तू सांगितलं न्हाईस, आन् तरी मला उपाशी ठेवलं न्हाईस. तर आताबी सांगू नको. मला कळायचं न्हाई. तू नुसता हितं ऱ्हा."

ती थांबली. बाहेर गाडी सुटल्याचा आवाज आला. बाईंनी डोळे उघडले नाहीत.

"आमेन म्हणू नको," बाबा म्हणाले.

मला वाटलं, आता काहीतरी विनोद. मी हसू दाबून वर पाहिलं. ते हसत नव्हते.

"म्हणू नको आताच. मला भ्या वाटतंय, ते बी सांग त्याला. ह्या कुबड्यांवर कसं व्हायचं आपलं? माझ्याच्यानं त्याला सांगवत न्हाई गं."

आईनं डोळे न उघडताच हात पुढं केला आणि चाचपत बाबांचा तो गुडघा धरला, जिथं पाय संपत होता.

"आन् देवा, हा मानूस लई भ्यालाय," ती म्हणाली. "आमच्यापुढं हसतोय सारखा. तुझ्यापुढं तरी रडू दे त्याला."

पाय गेल्यापासून बाबा पहिल्यांदा रडले, मोठ्यानं, लहान पोरासारखे. आणि आई थांबली नाही. गुडघा तसाच धरून ती देवाशी बोलतच राहिली.