पुढचे रॅक

हे बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसतो आणि भलतंच काहीतरी बोलून उठतो — आजही तसंच होईल कदाचित. पण तुम्ही मला ओळखत नाही, त्यामुळे जरा सोपं जाईल.

दापोड्याच्या एका गोदामात मी नऊ वर्षं इन्चार्ज होतो. हाताखाली चाळीस माणसं. आता दुसऱ्या गोदामात आहे आणि इथे माझी ख्याती अशी, की काहीही झालं तरी हा माणूस ढळत नाही. मागच्या महिन्यात नव्या सुपरवायझरांपुढे मला बोलायला उभं केलं. विषय — कठीण काळात टीम शांत कशी ठेवावी. शाल, नारळ, फोटो. अर्धा तास बोललो. पोरं लिहून घेत होती. काय लिहिलं असेल, देव जाणे. पुढे काय होणार हे एकट्यालाच ठाऊक असलं की माणूस आपोआप शांत दिसतो — हे काही मी बोललो नाही.

त्या गोदामाचा माल दुसऱ्या राज्यात हलणार, गोदाम बंद होणार, हे मला दीड महिना आधी सांगितलं होतं. सोबत हेही, की शेवटची गाडी भरेपर्यंत एकही माणूस हलता कामा नये. ते जमलं तर दुसऱ्या गोदामात तुमची जागा पक्की.

गोदामात नोटीस कुणी वाचत नाही, रॅक वाचतात. रॅक रिकामे दिसू लागले की चहाची सुट्टी लांबते, कोपऱ्यात कुजबुज सुरू होते. म्हणून रोज शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी लोडरांकडून मागचे खोके पुढच्या रॅकवर लावून घ्यायचो. 'माल पुढे असला की काढायला बरा,' असं कारण द्यायचो. दारातून आत आलं की गोदाम भरलेलं. मग सगळ्यांना गोलात उभं करून सांगायचो, अफवांना कान देऊ नका. आवाज इतका संथ, की माझा मलाच आवडायचा.

वनिताताई पॅकिंग टेबलाची प्रमुख. खारबावहून यायची. नवऱ्याचे लूम बंद पडल्यापासून घर तिच्याच ड्युटीवर. एकदा गडबडीत मी टेप मारायला घेतली तर टेबलभर ऐकू जाईल असं म्हणाली, "भाऊ, सोडा ते. तुमचा हात म्हंजे गोनी शिवतोय." सगळ्या बायका हसल्या, मीही हसलो. तसं मला आता कुणी बोलत नाही. इथे सगळे 'सर, सर' करतात. टेप फाटल्याचा आवाज आला की अजूनही मान वळते — आणि टेबलाशी कुणी दुसरंच असतं. एवढं कशाला आठवावं? आणि आठवायचा मला हक्क तरी आहे का?

असो. तिला शेजारच्या गोदामातून कामाचं बोलावणं आलं होतं. शनिवारपर्यंत कळवायचं होतं. शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी आली. मी तिला रॅक दाखवले. म्हटलं, भरलेलं गोदाम कोणी बंद करतं का?

ती हसली नाही. "मागचं रिकामं हाय, दिसतंय मला. ते जाऊ दे. तुम्ही सांगा. जाऊ का नको?"

म्हणजे रॅकचं नाटक तिच्यापुरतं कधीच संपलं होतं. मधे उरला होता फक्त माझा शब्द. गप्प राहिलो असतो तरी तिला कळलं असतं. मी म्हणालो, "थांबा. काही होत नाही."

ती थांबली. ती थांबली म्हणून टेबलावरच्या सगळ्या थांबल्या.

तीन आठवड्यांनी कुलूप लागलं. शेजारची जागा केव्हाच भरली होती. ती आता नारपोलीत कापडाचे धागे कापते, असं ऐकलं. दोनदा तिच्या कारखान्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. दोनदा परत आलो.

पण सांगायचं होतं ते हेही नाही — म्हणजे हेसुद्धा आहेच. शेवटच्या दिवशी सगळे आवारात उभे होते. एक लोडर तावातावाने म्हणाला, "सर को सब मालूम था." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडायच्या आत वनिताताई त्याच्यावर धावून गेली.

"ए, जिभेला हाड हाय का? त्यांना म्हायती असतं तर मला थांब बोलले असते काय?"

तो मागे सरला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, फक्त दुजोऱ्यासाठी. आणि मी मान हलवली. नव्हतं माहीत, अशी.

तिला तेवढं पुरलं. पिशवी खांद्याला लावून ती खारबावच्या गाडीसाठी निघाली. जाता जाता वळून म्हणाली, "भाऊ, जेवून घ्या आधी. तोंड उतरलंय तुमचं."