माझ्या नावानं लढणारा

आमच्या घरात एकच म्हैस होती आणि तिचं दूध एकटा मी प्यायचो. बा मुरुमच्या बाजारात हमाल. दिवसभर पाठीवर ज्वारीची, तुरीची पोती वाहायची आणि संध्याकाळी भाकरीवर मिरचीचा ठेचा घेऊन बसायचं. धाकटी बहीण दुधाच्या भांड्याला चिकटलेली साय बोटानं खरवडायची, तेवढाच तिचा वाटा. कुणी कुरकुर केली नाही, कारण घरात धान्य यायचं ते माझ्या कुस्तीवर. जत्रेत कुस्ती मारली की इनाम मिळायचं, त्यावर चूल पेटायची. निजाम गेला, रझाकार गेले, कचेरीतला कागद मराठी झाला, पण आमच्या गल्लीत पोती तीच आणि पाठी त्याच.

शाळा मात्र मराठी झाली. पहाटे तालमीत जोर काढायचे आणि दुपारी वर्गात पेंगायचं, असं करत मी मॅट्रिक झालो. गुरुजींनी खटपट करून सोलापूरच्या कॉलेजात फी माफ करून घेतली.

बा म्हणाला, "एवढी कमावलेली ताकद पुस्तकं उचलाया न्हेणार व्हय?"

मी म्हणालो, "बा, मला पोतं न उचलता जगायचंय."



आमच्या तालमीचा एक रिवाज होता. माती कायमची सोडणाऱ्यानं जायच्या आधी वस्तादांकडून आपली पाठ मातीला लावून घ्यायची. मगच माती त्याला मोकळा करते, असं मानायचे. मला तोवर कुणीही चीत केलं नव्हतं. वस्तादांचा माझ्यावर फार जीव. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "ह्याची पाठ म्या लावणार न्हाय. जाऊ द्या वाघ तसाच." माझी छाती फुगली. माझा लंगोट खुंटीवर तसाच राहिला आणि मी एस.टी.त बसलो.

पहिल्या सुट्टीत गावी आलो तेव्हा गंमत वाटली. जवळपासच्या प्रत्येक जत्रेनंतर वस्ताद तालमीत बसून सांगायचे, आपला गडी, म्हणजे मी, असता तर आज कुणाला कसा पाडला असता. कुठला डाव, कितव्या झटापटीला, लोकांनी फेटे कसे उडवले, सगळं. हमाल मंडळी पोती टाकून ऐकायला यायची. मीही हसत ऐकलं.

पुढच्या वर्षी एक दिवस सोलापुरात सकाळी उठलो तर डावा कान भज्यासारखा सुजलेला. डॉक्टर म्हणाले, "कुणाशी मारामारी केलीस?" मी तर रात्रभर खोलीत झोपलेलो होतो. सूज उतरली, पण कान मोडका तो मोडकाच राहिला. सुट्टी लागल्यावर मुरुमला उतरलो, तर बाबरोबर काम करणारा एक हमाल एस.टी.च्या अड्ड्यावर भेटला. माझा कान बघून म्हणाला,

"ह्योच का त्यो कान, येरमाळ्याच्या जत्रंत मोडलेला? लई झोंबला गड्या त्यो पैलवान तुला. पर तू बी सोडला न्हाईस."

"मी येरमाळ्याला गेलोच नव्हतो, काका."

"आता शिकून आमालाच येड्यात काढतो काय रं?" असं म्हणून तो हसत पोत्याकडं वळला.

आधी वस्ताद जे झालं असतं म्हणून सांगायचे, ते आता सगळेच झाल्यासारखं सांगत होते. आणि चेष्टेनं नव्हे. घरी आई रोज सकाळी दुधाचा पेला भरून तालमीच्या ओट्यावर ठेवून यायची.

"कुणासाठी गं?" मी विचारलं.

"तुझ्याच वाट्याचं हाय."

"मी तर आत्ता आलोय."

आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "रिकामा पेलाच परत येतो."

बहिणीला बाजूला घेऊन विचारलं, तर तिनं शपथ घेतली. "म्या न्हाय पीत, दादा. मांजर बी न्हाय. मी बसून राखलंय. बघत असलं की पेला भरलेलाच असतो. जरा नजर हटली की रिकामा."

दुपारी मी एकटाच तालमीत गेलो. आत कुणी नव्हतं. कुस्तीच्या हौद्यातली माती नुकतीच उकरल्यासारखी मऊ होती, ताक-तेलाचा वास येत होता. खुंटीवरच्या माझ्या लंगोटाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. लंगोट घामानं ओला होता. ऊबही गेली नव्हती त्यातली.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकत होतो. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, हे मला पाठ होतं. मी घाईनं बाहेर आलो.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी होळीला गावी आलो, तेव्हा वस्ताद बरेच थकले होते. त्यांनी मला जवळ बसवलं.

"चैतातल्या जत्रंत गुलबर्ग्याकडच्या पैलवानाशी कुस्ती लागलीय तुझी. कुस्ती ठरल्याचा नारळ घेतलाय म्या."

"वस्ताद, त्याच दिवशी माझा पेपर आहे."

"तू ये न्हायतर नको येऊस. तुझ्या नावानं उतरणारा उतरणारच." मग माझ्याकडं सरकून म्हणाले, "पर ही कुस्ती म्या अजून कुणाला सांगितली न्हाय. सांगाया तोंड उघडलं की एकच दिसतंय. त्याची मान मोडतीया, लेकरा. त्यो मैदानातनं उठत न्हाय."

माझा हात नकळत मोडक्या कानाकडं गेला. येरमाळ्याला त्याचा कान मोडला होता आणि सोलापुरात माझा. मग जत्रेच्या दिवशी परीक्षेच्या बाकावर माझं काय होणार होतं? मला मरायचं नव्हतं. बी.ए. व्हायचं होतं.

"वस्ताद," मी म्हणालो, "माझी पाठ लावा."

"न्हाय जमायचं मला."

"तुम्ही नाही लावली म्हणूनच हे झालं."

 वस्ताद धोतर खोचून हौद्यात उतरले.  मी समोर उभा राहिलो, अंग सैल सोडलं. म्हाताऱ्या माणसानं मला हलकेच खाली घेतलं. पण पाठ मातीला टेकताना माझ्या छातीवर जे वजन आलं, ते त्या वाळलेल्या देहाचं नव्हतं. तरण्याबांड पैलवानाचं होतं. माझ्या तोंडावर कुणाचा तरी गरम श्वास आला, आणि त्याला दुधाचा वास होता. श्वास कोंडला. मातीतनं पाठ सोडवायला माझं सगळं अंग धडपडलं, पण मी दात आवळून पाठ टेकवून ठेवली. मग वजन एकदम उतरलं.

वस्ताद बाजूला बसून रडत होते. म्हणाले, "हरला रं माझा वाघ." ते माझ्याबद्दल बोलत नव्हते, हे मला कळलं.

जत्रेच्या दिवशी मी पेपर लिहिला. मान ताठ होती, हात चालत होता. तिकडं गुलबर्ग्याचा गडी मैदानात उभा राहिला, त्याच्यासमोर कुणी उतरलं नाही आणि पंचांनी इनाम त्याला दिलं. लोक वस्तादांना विचारायला गेले, तर त्यांना काहीच सांगता आलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. मी दुसऱ्या वर्गात बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला आणि आमच्या हमाल गल्लीतला मी पहिला पदवीधर.