पोराच्या गळ्याची शपथ

माझे वडील जुन्या मताचे होते, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. हैदराबादचं राज्य मोडायला फौजा आल्यानंतर आमच्या भागात जो तो सांगत सुटला की आपण आधीपासूनच झेंडेवाले होतो. अगं बाई! एवढे झेंडेवाले होते तर मग ते राज्य इतकी वर्षं चाललं कुणाच्या जिवावर? आमचे आबा गावचे पोलीस पाटील. त्यांचं म्हणणं सरळ असायचं. राज्य हैदराबादचं असो की आणखी कुणाचं, कायदा मोडायची एकदा सवय लागली की ती घरापर्यंत येते. "आज हे नाका जाळतीन, उद्या शेजाऱ्याचं खळं," असं ते म्हणायचे. मी आता म्हातारी झाले, किती सरकारं आली नि गेली, पण ते वाक्य मला अजून खोटं वाटत नाही. राग येणाऱ्याला येऊ द्या.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, तेव्हाच राग यायचा. तो हिंगोलीच्या शाळेत शिकलेला, तोंडाळ. जेवताना बापलेकाची जुंपली की दोघांची ताटं तशीच राहायची आणि माय मधे बसून माशा वारायची. शेवटी तो गेलाच. सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात त्याच्यासारख्या पोरांचे कॅम्प पडले होते. बंदुका घेऊन इकडे यायचं, नाका नाहीतर कचेरी पेटवायची आणि परत पळायचं, हे त्यांचं काम. आबांनी त्याचं ताट उचलून माळ्यावर फेकलं. "माझ्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई त्यानं," म्हणाले. माय मात्र रोज भाकरी एक जास्तच थापायची. सकाळी ती शिळी भाकर गडी खायचा, आणि आबा पाहून न पाहिल्यासारखं करायचे.

कनेरगावचा नाका आमच्या गावापासून छकड्यानं अर्ध्या दिवसावर. अलीकडे हैदराबादचं राज्य, पलीकडे वऱ्हाड आणि वाशीम. माल आणायचा तर नाक्यावर जकात द्यायची. गोषातल्या बायका बसलेल्या छकड्याचा पडदा उचलायचा नाही असा तिथला रिवाज होता, मग काय विचारता! साऱ्या मुलखाचं कापड अन् तंबाखू बायकांच्या मांडीखालून यायची. आबांना त्याची चीड. माझ्या लग्नाचा शालू वाशीमहून आणला तेव्हा त्यांनी आपल्या हातानं पडदा वर करून तो दाखवला आणि जकात भरली. बरोबरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माय हसली नाही. ती वळून मला म्हणाली, "असा माणूस पाहून घे, पुन्यांदा दिसणार न्हाई."

अशा त्या माझ्या मायला छातीत गाठ झाली. तिनं ती दोन वर्षं कुणाला दाखवली नाही. आबांनाही नाही. आमच्या घरातली रीतच तशी, बाईच्या अंगाचं दुखणं अंगातच मुरवायचं. गाठ फुटून चोळीला डाग पडायला लागले, वास यायला लागला, तेव्हा कळलं. गावात म्हणाले, नासूर आहे. लेप झाले, धूप झाला. मी नुकतीच नांदायला गेले होते, मला माहेरी बोलावून घेतलं. मी येऊन पाहते तर माय भिंतीला पाठ लावून बसलेली, गोधडीचं टोक दातात धरलेलं. आडवं पडलं की ठणका जास्त, म्हणून ती निजतच नव्हती.

"वाशीमला नेऊ," आबा म्हणाले. तिकडे एक डॉक्टरीणबाई होती. बाईमाणूस म्हणून माय कशीबशी तयार झाली.

डॉक्टरीणबाईनं पाहिलं, हात धुतले आणि आबांना बाहेर नेऊन सांगितलं की हा कॅन्सर आहे, आता कापून उपयोग नाही, काखेत आणि पाठीत पसरला आहे. ठणका तेवढा थांबवता येईल. तिनं अफूच्या अर्काची एक बाटली दिली. पाण्यातून थेंब कसे द्यायचे ते मला दाखवलं. एक मात्रा तिनं तिथंच पाजली. घटकाभरात मायचा आवळलेला जबडा सैल पडला आणि ती माझ्या मांडीवर डोकं टेकून चक्क झोपली. किती दिवसांनी! मी आबांकडं पाहिलं. ते तिच्या तोंडाकडं पाहत होते, डोळे भरलेले.

पण ही झाली वाशीमची गोष्ट. बाहेरची अफू हैदराबादच्या राज्यात आणणं म्हणजे मोठा गुन्हा. आपल्याकडं ती फक्त सरकारी ठेक्याच्या दुकानात मिळायची, आणि त्या उन्हाळ्यात गडबडीमुळं कळमनुरीचं दुकानसुद्धा बंद पडलेलं. नाक्यावर बाटली सापडली तर ती जाणार, आणि पाटील म्हणून आबाही अडकणार. न सांगता नेली तर आबा खोटे पडणार.

छकडा वाशीमहून निघाला. मी आणि माय पडद्यात, बाटली माझ्या ओच्यात. नाका जवळ आला तशी माय जागी झाली. पडद्याच्या फटीतून तिनं आबांना हाक मारली.

"आवं, ऐका. नाक्यावर इचारलं तर खरं सांगा."

"तू पडून ऱ्हाय."

"न्हाई. तुमी आजवर कुणाला खोटं बोलला न्हाई. त्या पुण्याईवर माझं पोरगं तिकडं बंदुकीपुढं जितं हाय. माझ्यापायी ती घालवू नका. तुमाला पोराच्या गळ्याची शपथ हाय."

आमच्याकडे गळ्याची शपथ म्हणजे खेळ नव्हता. ज्याच्या गळ्याची घातली त्याच्यावर ती येते, मोडली की त्याचं बरंवाईट होतं, असं साऱ्यांना पटलेलं. ज्यानं घातली त्यानंच "सुटली" म्हटलं तर ती सुटते, दुसऱ्या कुणाच्या म्हणण्यानं नाही. आबा पुढं बैलांकडं पाहत राहिले.

नाक्यावर जुना जमादार होता, आबांना पुरा ओळखणारा. पण बाजूला नव्या वर्दीतला एक पोऱ्या उभा होता, खांद्याला बंदूक, तोंडात पान. दादाच्या कॅम्पवाल्यांनी सरहद्दीवरचा दुसरा एक नाका पेटवल्यापासून राज्याच्या बाजूनं हत्यार घेतलेल्यांची ही वर्दी सगळीकडे दिसत होती. तो पडद्याला हात घालायला आलाच. जमादारानं त्याला थांबवलं आणि विचारलं, "पटेल साब, कुछ है क्या?"

मी बाटली दोन्ही हातांनी ओच्यात दाबून धरलेली, नि मायची नजर माझ्यावर नाही, पडद्यावर, जिथं आबांची पाठ दिसत होती तिथं.

"कुछ नहीं," आबा म्हणाले. "घर की औरत बिमार है."

वर्दीवाला काहीतरी पुटपुटला. जमादार त्याला म्हणाला, "जाने दे. पटेल का बोलना बस है."

झालं. छकडा सुटला. मला हायसं वाटलं, अगदी रडायला आलं. मायनं मात्र तोंड फिरवलं.

घरी आल्यावर ठणका पुन्हा सुरू झाला. मी पाण्यात थेंब घालून पेला पुढं केला. तिनं ओठ मिटून घेतले. "माझं पोरगं मरंल आन् मी झोपू?" बस्स, एवढंच बोलली. मी विनवलं, रडले, साखऱ्याहून मामाला बोलावलं, त्यानं समजावलं. उपयोग शून्य. दिवसभर तिचं कण्हणं, आणि कण्हणं थांबलं की ते गोधडी चावणं. माझ्या हातानं मी कडुलिंबाच्या पाण्यानं ती जखम धुवायची आणि धुताना ती माझं मनगट असं पकडायची की वळ उठायचे. "सुटली म्हण गं माय," मी म्हणायची. "एक शबूद तर हाय." ती मान हलवायची. म्हणायची, "ज्याला खोटं सांगितलं त्याला जाऊन खरं सांगू दे. मग म्हणते."

खरं सांगते, मला तिचा संताप आला. जीव तुटायचा आणि संतापही यायचा, दोन्ही एकदम. एक दिवस मी पेजेत गुपचूप थेंब घालायला लागले तर आबांनी माझा हात धरला.

"फसवून न्हाई पाजायचं तिला."

"मग काय करू? तिला मरू देऊ अशी?"

"एकदा फसवलं तेवढं बास हाय."

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. मी ओरडले, "इतकं खऱ्याचं वेड हाय तर जा ना नाक्यावर! सांगून या! काहून बसले हितं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर आबांच्या अंगात अंगरखा, डोक्याला फेटा, गडी छकडा जुंपून राहिलेला आणि बाटली त्यांच्या हातात. शेजारच्या गावच्या पाटलाला वर्दीवाल्यांनी चावडीपुढं मारल्याचं त्याच आठवड्यात कानावर आलं होतं, आणि त्या बिचाऱ्यानं तर काही केलंही नव्हतं. ज्याचा पोरगा कॅम्पात, तो आपल्या पायांनी जाऊन सांगणार की मी अफू आणली? मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, आबा, मी रागात बोलले. त्यांनी मला हळूच बाजूला केलं.

बैलांच्या घुंगरमाळा वाजल्या. मायनं आतून विचारलं, "कोण चाललं?"

"आबा," मी म्हटलं. "नाक्यावर. तुझी शपथ फेडाया."

"बोलव त्यांना."

ते माजघराच्या दारात येऊन उभे राहिले, जोडा काढून. मायनं त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं.

"बाटली घेऊन टाकतीन ते."

"घेऊ दे."

"तुमाला धरतीन."

"धरू दे. तू म्हणलीस खरं सांगा. चाललो सांगाया."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. ते खरोखरच निघाले होते, आणि मायला ते माझ्याआधी कळलं. एका बाजूला पोरगा, एका बाजूला नवरा. ती भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली. ठणक्याची एक कळ आली, गेली. मला वाटलं, ही आता बेशुद्ध पडते.

"माघारी या," ती म्हणाली. "सुटली."

आबा हलले नाहीत. "नीट म्हण."

"पोराच्या गळ्याची शपथ सुटली. मीच घातली, मीच सोडली." मग ती हुंदके देऊन रडायला लागली. इतक्या दुखण्यात ती रडली नव्हती. "पोराला काई झालं तर मला सांगू नका," म्हणाली, आणि पेल्यासाठी माझ्याकडं हात केला.

त्यानंतर माय झोपायची. बाटली जपून वापरली, डॉक्टरीणबाईनं सांगितल्यापेक्षा कमीच. जागी असली की दारात कुणाचं पाऊल वाजलं तरी दचकायची, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे पाहायचो. दादाची काहीच खबर नव्हती. श्रावणात कॅम्पवाल्यांनी कनेरगावचाही नाका पेटवला म्हणून कानावर आलं. गावात पोरं खुशीत होती. आबा म्हणाले, "त्या जमादाराचं घर त्या नाक्यावर चालत व्हतं." मायनं फक्त विचारलं की पेटवणाऱ्यांपैकी कुणी पडलं का. कुणालाच ठाऊक नव्हतं. पोळ्यानंतर ती झोपेतच गेली, काही न कळता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत फौजा आल्या. चावडीवर नवा झेंडा लागला. लोक आबांना डिवचायचे, पाटील, आता राज्य बदललं! "बदललं तर बदललं. सारा तर भरावाच लागन ना?" ते म्हणायचे.

आणि एका दुपारी दादा आला. गळ्यात झेंडूचा हार, मागं गावातली पोरं, घोषणा. तो एकटाच अंगणात शिरला आणि उंबऱ्यापाशी थबकला. त्याला घरी यायची बंदी होती ना! मी तोंडात पदर कोंबून उभी. माजघरात मायची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली, ती त्याला दारातून दिसत होती.

"माय कुठं हाय?" त्यानं विचारलं.

आबा उठले, त्याच्यापाशी गेले आणि हात वर केला. मला वाटलं, आता मारतात. त्यांनी त्याच्या गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला. मग दोन्ही हातांनी त्याचा गळा चाचपला, पुढून, मागून, कानांच्या खाली, जू उतरल्यावर बैलाची मान पाहतात तसा. दादा बावरून उभा. त्याला बिचाऱ्याला काय कळणार?

आबांनी माजघराकडं तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "बराबर हाय गं. काई झालं न्हाई त्याला."